तपकिरी ताऱ्यांकडे जाऊ नको

रुवैसमध्ये तारे दिसत नाहीत.
रिफायनरीची ज्योत रात्रभर जळते,
आभाळ शिळ्या चहाच्या रंगाचं होऊन बसतं,
आणि ऑगस्टात खिडकीची काच
बाहेरून घामेजते.

मी वरच्या बंकवर, भिंतीकडे तोंड करून,
मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप.
साडेतीनशे दिरहमला घेतलाय बशारत हमदुलेकडून,
त्याचा व्हिसा रद्द झाला त्या आठवड्यात.
सोबत जॉयस्टिक फुकट. तिचा खटका तुटलेला,
त्यावर काळी टेप त्यानंच गुंडाळलेली
पॅनेलमधल्या वायरीला गुंडाळतात तशी, एकही सुरकुती नाही.

खातं माझं, जहाज माझं.
डायगोनं त्याचं नाव ठेवलं टिफिन.

सात हजार प्रकाशवर्षं. एका उडीत चौतीस.
ड्यूटीवरून आलो की पंधरा-वीस उड्या,
प्रत्येक ताऱ्याच्या कडेनं घसटत इंधन प्यायचं,
पोहरा बुडेल इतकंच खाली,
दोर जळेल इतकं नाही.

खालून गुणवंत विचारतो, "तिथं काय मिळतं?"
"काही नाही."
"ओव्हरटाइम तरी?"

खुला तारकागुच्छ, असं लिहिलं होतं नकाशात.
एकाच ढगातून जन्मलेले शे-दीडशे तारे,
एकमेकांना फार घट्ट न धरलेले.
काही कोटी वर्षांत एकेक सुटत जातो,
असंही लिहिलं होतं, अगदी बारीक अक्षरात.

बाराव्या रात्री पोहोचलो.
निळे. शेगडी नुकती पेटवावी तसे निळे,
इतके जवळजवळ की काळोखाला
बसायला जागा नव्हती.
मी हेडफोन काढले. उगाचच.

पहिल्या ताऱ्यावर रोख धरला.
प्रथम शोध: फुणगूस.
वाटलं, यंत्राची चूक.
दुसऱ्यावर: फुणगूस.
तिसऱ्यावर, नवव्यावर, एकेचाळिसाव्यावर.

फुणगूस खाडीकाठी आहे. मी गेलेलो नाही.
तिथून मे महिन्यात फणसपोळी यायची,
आणि बशारत ती कात्रीनं कापून
सहा माणसांत मोजून वाटायचा,
सातवा तुकडा वॉचमनला.

दोन वर्षांपूर्वीची तारीख होती ताऱ्यांवर.
त्याच महिन्यात तो खालच्या बंकवर
भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.
ड्यूटीला जायचा, यायचा, बोलायचा नाही.
आम्ही म्हणालो ताप असेल.
डायगोनं पेज करून ठेवली, तिच्यावर साय धरली.
कुणीतरी म्हणालं, घरून फोन आला होता.
कुणीच विचारलं नाही, कुणाचा.

पडद्याचा फोटो काढला, पाठवून दिला.
तो आता खेडला मोबाइल दुरुस्त करतो.

सकाळी बसच्या रांगेत उत्तर आलं:
"पोचलास? भले.
डावीकडच्या दोन तपकिरी ताऱ्यांकडे जाऊ नको.
त्यांच्यातनं इंधन निघत नाही.
अकरा दिवस अडकलो होतो मी तिथं.
मग एक पोलंडचा पोरगा टाकी घेऊन आला.
नाव पण सांगितलं नाही त्यानं."
खाली एक हसरा चेहरा, आणि मग
"खटक्याची टेप बदल आता."

दिवसभर व्हॉल्व तपासले.
संध्याकाळी टेप बदलली नाही.
निळ्या ताऱ्यापाशी टाकी काठोकाठ भरून घेतली
आणि टिफिन डावीकडे वळवला.

दोन काळपट गोळे,
रात्री राख सारल्यावर दिसतात तसे.
उजेड नाही म्हणावा तर होता.
त्यांच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

"आता काय?" गुणवंतनं खालून विचारलं.
मी इंजिन बंद केलं.
रडारवर कुणी नव्हतं.
तरी थांबलो थोडा वेळ,
टाकी भरलेली होती म्हणून.